माहेरच्या नावाने

७ नोव्हेंबर १९४८, रविवार

ही वही नवी आहे. जुनी बोटीवर चढण्याआधी जाळली, कारण तिच्यात सगळं खरं होतं.

आमच्या शाळेतल्या बाई सांगायच्या, आधी झालं ते लिहा, वाटलं ते नंतर. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. वडील सहीच्या जागी फुली मारायचे आणि छापील कागद दिसला की टोपी काढायचे. कागदावर खोटंही लिहिता येतं हे मला त्यामुळे फार उशिरा कळलं.

झालं ते असं. ऑस्ट्रेलियात उतरल्यावर बोनेगिलाच्या छावणीत ठेवलं होतं; तिथून या हॉस्पिटलात येऊन सात महिने झाले. मी वॉर्डाच्या फरश्या पुसते, ट्रे लावते, बेडपॅन धुते. करार बोटीतून उतरल्यापासून दोन वर्षांचा आहे. कागदावर मी माहेरच्या नावाने आहे: बिरुते, वय पंचवीस, लिथुआनियन, अविवाहित, अपत्य नाही. काझिस इथून चार तासांवर लाकडाच्या गिरणीत आहे. कागदावर तोही अविवाहित. निवड करणाऱ्या साहेबांना एकटी माणसंच हवी होती, म्हणून जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीत बराकीमागे आम्ही लग्नाचा दाखला जाळला. काडी मी ओढली, कारण काझिसचे हात थरथरत होते. ठरलं असं होतं की आपण दोघांनी पुढे जायचं, जम बसवायचा, मग बाकीच्यांना बोलवायचं.

बाकीचे म्हणजे माझी आई आणि नियोले, अजून जर्मनीतल्या त्याच छावणीत. नियोले साडेतीन वर्षांची आहे.

आज दुसरं काही झालं नाही.

१५ नोव्हेंबर

स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. मिसेस डॉयल, इथल्या मुख्य स्वयंपाकीण, म्हणाल्या, "अगं, तुझ्या वयात मला तीन पोरं होती आणि चौथ्याची उलटी सुरू होती. तू कुणाची वाट बघतेस, राजाची?"

मी "हो" म्हटलं.

"राजाचं लग्न झालंय बाई. एखादा खाटीक बघ. घरात मटणाला तोटा नाही."

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग आठवलं की मी "हो" म्हणाले ते खोटं होतं. पण प्रश्नच थट्टेचा होता, तेव्हा ते खोटं धरायचं की नाही, मला ठरवता आलं नाही.

२१ नोव्हेंबर, रविवार

आईचं पत्र आलं. आईला लिहिता येत नाही. आधी बराकीचे प्रमुख लिहून द्यायचे, आता डॉक्टरीणबाई लिहितात. त्या आणि त्यांचे यजमान पलीकडच्या खोलीत राहतात. त्यांना मूलबाळ नाही. अक्षर फार सुंदर आहे.

आई लिहिते, नियोले आता डॉक्टरीणबाईंकडेच जेवते, कारण त्यांच्याकडे लोणी असतं. तिला निळा फ्रॉक शिवलाय. केस कापलेत, बाहुलीसारखी गोजिरवाणी दिसते. तिकडेच झोपते, कारण आईला खोकला आहे आणि मुलीची झोपमोड होते.

"गोजिरवाणी" हा शब्द मी आईच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. छावणीत राहून माणसाचं बोलणं बदलतं. डॉक्टरीणबाईंचे उपकार कसे फेडायचे कळत नाही. आभाराचं वेगळं पत्र लिहिलं. दोनदा लिहिलं, पहिल्यात डाग पडला.

२८ नोव्हेंबर

वर्तमानपत्रात नवा नियम आलाय. आमच्यासारख्या एकट्याने आलेल्या लोकांना आता मागे राहिलेली बायकामुलं बोलावण्यासाठी अर्ज करता येईल. अर्ज कामगार खात्याच्या साहेबांकडे द्यायचा. साहेब दर बुधवारी या गावात टाउन हॉलमध्ये बसतात.

बातमी मी चार वेळा वाचली आणि शब्दकोशातून दोन शब्द काढले. मुलं आपोआप येत नाहीत, आधी ती आहेत हे सांगावं लागतं.

काझिसला पत्र लिहिलं.

१२ डिसेंबर, रविवार

काझिसचं उत्तर. चार ओळी. घाई नको. करार संपू दे. खोटं सांगून आलो म्हणून दोघांनाही परत पाठवलं तर? नाताळच्या जेवणाला येईन तेव्हा बोलू.

त्याचं बरोबर आहे. करार फेब्रुवारी पन्नासला संपतो. तेव्हा नियोले पाच वर्षांची होत आलेली असेल.

तिचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. कानामागचा तीळ आठवला, पण डाव्या की उजव्या, ते आठवलं नाही. मग उठून दोन नंबरचा वॉर्ड पुसला. माझी पाळी नव्हती.

२५ डिसेंबर

काल नाताळच्या आदल्या संध्याकाळचं जेवण नर्सेसच्या जेवणघरात केलं. मेट्रननी परवानगी दिली. आमच्याकडच्या पाच बायका आणि गिरणीतून आगगाडीने आलेले सहा पुरुष. उकाडा असा की मेणबत्त्या आपोआप वाकल्या. आकाशात पहिला तारा दिसेपर्यंत थांबायचं असतं, पण इथे सूर्य मावळतच नाही, म्हणून न थांबता बसलो.

टेबलाच्या कापडाखाली पसरायला पेंढा नव्हता. रस्त्याकडेचं वाळकं गवत आणलं. त्यातून एक मोठा कोळी निघाला. माझी खोलीसोबतीण स्तासे म्हणाली, "राहू द्या त्याला. त्याचंही घर आत्ताच गेलंय."

पदार्थ बारा लागतात, जमले नऊ. डब्यातली मासळी, बीटचं सार, खसखशीचं दूध असे. स्तासेने मिठाला दहावा धरलं, पावाला अकरावा.

"आणि बारावा?" कुणीतरी विचारलं.

"पाणी. पिऊन बघ, केवढी चव आहे. गंजलेल्या नळाचं आहे."

वर्षभरात जे दुरावले त्यांच्यासाठी एक ताट रिकामं मांडायचं असतं. प्रत्येकाचं कुणी ना कुणी होतं, म्हणून सगळ्यांचं मिळून एकच मांडलं. मी त्याच्याजवळ एक छोटा चमचा ठेवला. का ठेवला, कुणी विचारलं नाही. स्तासेने तो सरळ करून ठेवला.

मग चर्चची पांढरी पापडी एकमेकांबरोबर मोडून शुभेच्छा द्यायची वेळ आली. घरी असताना पुरुष आधी आपल्या बायकोपाशी येतो. काझिसने टेबलाच्या दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. तिथे धुलाईखान्यातली लियुदा बसली होती. तिला विसावं लागलंय. माझ्यापाशी तो पाच जणांनंतर आला. तुकडा मोडून म्हणाला, "मिस बिरुते, येतं वर्ष तुम्हाला सुखाचं जावो."

"तुम्हालाही," मी म्हटलं.

त्याने योग्य तेच केलं. आधी माझ्याकडे आला असता तर लोकांच्या ध्यानात आलं असतं.

जेवणानंतर मुलींनी कापडाखालून काड्या ओढायला घेतल्या. लांब निघाली तर वर्षात लग्न. मला नको होतं. लियुदा ओरडली, "ओढ गं बिरुते! ननसारखी काय बसलीस!" माझी काडी बोटाच्या पेराएवढी निघाली. सगळे हसले. काझिसही हसला. लियुदाची निघाली ती तुऱ्यासकट हातभर. काझिस म्हणाला, "ही तर अख्खी पेंढीच निघाली." लियुदा कानापर्यंत लाल झाली. ती फार गोरी आहे, तिला इथला उकाडा सोसत नाही.

अर्जाबद्दल बोलायला सवड झाली नाही. पुरुषांची गाडी होती.

९ जानेवारी १९४९, रविवार

आईचं पत्र. त्यात आहे ते लिहिते.

आईच्या छातीचा फोटो काढला. फुप्फुसावर डाग आहे. तिला दवाखान्याच्या बराकीत हलवलंय. मुलांना तिथे जाऊ देत नाहीत. असा डाग असलेल्या माणसाला कुठलाच देश घेत नाही, हे मला माहीत आहे, आईलाही माहीत आहे.

डॉक्टर आणि डॉक्टरीणबाईंना अमेरिकेची परवानगी मिळाली. बोट एप्रिलात. ते नियोलेला आपली मुलगी म्हणून न्यायला तयार आहेत. नाही तर तिला अनाथ मुलांच्या घरात ठेवावं लागेल. सोबत संमतीचा कागद आहे. मुलीच्या आईची सही, वडिलांची सही. मार्चच्या मध्यापर्यंत परत हवा.

पत्राच्या शेवटी वेगळ्या शाईत, वाकडीतिकडी एक फुली आहे. आईने स्वतः काढलेली. आधीच्या पत्रांत ती कधी नव्हती. फुली हो म्हणते की नाही म्हणते, मला सांगता येत नाही.

मला काही वाटलं नाही. वाटेल म्हणून बराच वेळ खाटेवर बसून राहिले. मग ट्रे लावायची वेळ झाली.

१६ जानेवारी, रविवार

कागद घेऊन गिरणीच्या गावी गेले. काझिस स्टेशनवर आला. फलाटावर दुसरं कुणी नव्हतं, एक कुत्रा होता. तरी तो मला म्हणाला, "तुम्ही दमला असाल." सवय झाली असेल.

आम्ही बाकावर बसलो. त्याने पत्र वाचलं. चटकन वाचून झालं.

"अमेरिका," तो म्हणाला. "डॉक्टरचं घर. आपण तिला काय देणार आहोत? बेडपॅन?"

"ती आपली आहे," मी म्हटलं.

"मी कुठं नाही म्हणतोय? पण तिला आपण आठवतही नसू. साडेतीन वर्षांच्या पोराला काय आठवतं? तिचं भलं बघा."

"अर्ज केला तर ती येऊ शकते. नियम झालाय."

"अर्ज केला तर पहिल्यांदा विचारतील, खोटं का बोललात. मला परत जर्मनीत जायचं नाही, बिरुते. माझं इथं बरं चाललंय." मग जरा थांबून म्हणाला, "आपल्या दोघांचंही."

त्याने खिशातून पेन काढलं. नवीन पेन होतं. मांडीवर कागद ठेवून सही केली. या वेळी त्याचा हात थरथरला नाही.

मी म्हटलं, मी घरी जाऊन करते. तो म्हणाला, बरं. परतीची गाडी यायला दोन तास होते. त्याला काम होतं, तो गेला.

तो म्हणतो त्यात चूक कुठे आहे, ते मी गाडीत शोधत होते. प्रत्येक वाक्य वेगळं घेतलं तर बरोबर आहे.

१७ जानेवारी

सही केली नाही.

१८ जानेवारी

पेन घेतलं. कुठल्या नावाने करायची? आई म्हणून करायची तर सासरच्या नावाने. त्या नावाची बाई या देशात उतरलीच नाही. केली नाही.

३० जानेवारी

मधल्या दिवसांत काही लिहिलं नाही. फरश्या पुसल्या. एक म्हातारा वारला. त्याची मुलगी आली तेव्हा मी खाट धूत होते. ती म्हणाली, "इथंच होते ना ते?" मी हो म्हटलं. ती ओल्या गादीच्या रबरावर हात ठेवून उभी राहिली. मी बादली बाजूला केली.

६ फेब्रुवारी, रविवार

स्तासेला म्हटलं, "मला बुधवारी साहेबांकडे जायचंय. माझी पाळी तू घेशील का?"

ती मोजा रफू करत होती. वर न बघता म्हणाली, "मुलगा की मुलगी?"

मी अजून काहीच सांगितलं नव्हतं.

"मुलगी," मी म्हटलं. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला काय कुणी हवंय? दहा महिने शेजारच्या खाटेवर झोपते मी. वीतभर खाट, त्यात तू भिंतीला चिकटून झोपतेस आणि अर्धी रिकामी ठेवतेस. माझी सासू म्हणायची, पोरगी मोठी झाली तरी आईचं अंग जागा सोडायला विसरत नाही."

"सगळ्यांना माहीत आहे का?"

"लियुदाला नसावं," ती म्हणाली आणि दात लावून दोरा तोडला. "ती बिचारी खूश आहे. तिला मी सांगणार नाही. तूही सांगू नकोस, तिचा काही दोष नाही."

कशात दोष नाही, ते मी विचारलं नाही. सांगायला हवं ते आधी सांगायचं होतं, म्हणून सगळं क्रमाने सांगितलं, तारखांसकट. स्तासेने मध्ये एकदाच विचारलं, "केस कसे आहेत तिचे?"

"पिवळट. कापलेत."

"वाढतील," ती म्हणाली.

९ फेब्रुवारी, बुधवार

साहेबांना सांगितलं. घरून लिहून पाठ करून गेले होते. साहेब नाक शिंकरत होते, टेबलावर रुमालांचा ढीग होता. मी म्हटलं, मी खोटं बोलून या देशात आले. त्यांनी हात वर केला.

"थांबा. पोलिसांचं काम आहे की माझं?"

"मला मूल आहे."

"मग माझं." त्यांनी अर्ज काढला. "या महिन्यातल्या तुम्ही तिसऱ्या. मला वाटतं ती सगळी जहाजं ब्रह्मचाऱ्यांची नव्हतीच."

मग म्हणाले, दाखला? मी म्हटलं, जाळला. मुलीच्या जन्माचा? त्यावर आईबापाचं लग्न लिहिलेलं होतं, तोही जाळला. त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही फार नीट काम करता, मिस."

कागद नसेल तर नवऱ्याने लिहून द्यावं, म्हणाले. त्यांनी काझिसला पत्र टाकलं. परत पाठवतील का, मी विचारलं. ते म्हणाले, बेडपॅन कोण धुणार मग?

२३ फेब्रुवारी, बुधवार

काझिसचं उत्तर साहेबांकडे आलं. त्यांनी मला दाखवलं. इंग्रजी चांगलं आहे, कुणीतरी मदत केली असेल. सदर महिला माझ्या जिल्ह्यातली असून तोंडओळख आहे. याहून अधिक सांगण्यासारखं नाही.

मी दोनदा वाचून परत दिलं. टाउन हॉलच्या खिडकीत माशी होती. साहेबांनी विचारलं, पाणी हवं का. मी म्हटलं, नको, धन्यवाद.

"दुसरं कुणी आहे का तुमचं लग्न पाहिलेलं? या देशात?"

कुणी नव्हतं. तसं सांगितलं. ते म्हणाले, साक्षीदार नसेल तर माझे हात बांधलेले आहेत. पुढच्या बुधवारपर्यंत विचार करा.

खोलीवर येऊन स्तासेला सांगितलं. तिने पुढच्या बुधवारची तारीख तेवढी विचारली. तिच्या बाबतीत हे वेगळंच.

२ मार्च, बुधवार

आजचं नीट लिहायला हवं.

सकाळी स्तासे चर्चला जायचा कोट घालून उभी होती. म्हणाली, "चल, मी येते साक्षीला."

"कसली साक्ष? तू माझ्या लग्नात नव्हतीस. तू तर समुद्राकडची, आणि मी..."

"मी होते," ती म्हणाली. "तुझ्या लक्षात नसेल. नवरीला कुठं काय दिसतं?"

मी म्हटलं, शपथ घ्यावी लागेल, बायबलवर. ती म्हणाली, "बायबल त्यांचं आहे. आपल्यातलं नाही, इंग्रजीतलं आहे." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "बिरुते, पाप लागलं तर मला लागेल. माझ्याकडे जागा आहे."

मी वाटेत तीनदा थांबले. तिसऱ्यांदा तिने माझा दंड धरला तो सोडलाच नाही.

स्तासेला इंग्रजी येत नाही. "बादली", "गरम" आणि "देव तुमचं भलं करो" एवढंच येतं. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. गावात दुभाषी नाही. ते म्हणाले, "नियमात बसत नाही, पण दुसरं कोण आहे? मिस, तुम्हीच सांगा ती काय म्हणते ते. जसंच्या तसं."

मी म्हटलं, जसंच्या तसं सांगेन.

स्तासेने हात ठेवला आणि सुरू केलं. फेब्रुवारी चव्वेचाळीस. बर्फ एवढं की घोड्यांच्या पोटाला लागत होतं. नवरीची आई दारात पाव आणि मीठ घेऊन उभी. नवरा टोपी बाहेरच विसरला. सत्तर माणसं. नवरीच्या चुलत्याने अकॉर्डियन वाजवलं, एक पट्टी चिकटत होती. स्तासे नवऱ्याबरोबर नाचली, त्याने तिच्या पायावर पाय दिला, तो नखाचा डाग अजून आहे, साहेबांना बघायचा असेल तर.

मी एकेक वाक्य इंग्रजीत केलं. एक शब्द गाळला नाही, एक घातला नाही. पट्टीला काय म्हणतात ते मला येईना, तेव्हा बोटाने दाखवलं.

मग स्तासे थांबली आणि हळू म्हणाली, "आणि पुढच्या वर्षी मी त्यांच्या बाळाला हातात घेतलं. डाव्या कानामागे तीळ आहे."

तीळ मी तिला सांगितला होता. बाजू सांगितली नव्हती, कारण मलाच आठवत नव्हती. मी साहेबांना सांगितलं, डाव्या.

साहेबांनी सगळं उतरवून घेतलं. काझिसचं पत्र त्यांच्या कोपराखाली होतं. त्यांनी ते जरा बाजूला सारलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"ही बाई म्हणते ते खरं आहे?"

"हो," मी म्हटलं.

या वहीत मी आजवर खोटं लिहिलेलं नाही, म्हणून हेही लिहिते: मी हो म्हटलं, आणि माझा आवाज नेहमीसारखा होता.

त्यांनी शिक्का मारला. अर्ज राजधानीला जाईल, महिने लागतील. पण छावणीला आजच तार जाईल: मुलीची आई ऑस्ट्रेलियात आहे, मुलीला दुसऱ्या कुणाच्या हवाली करू नये. तारेत घालायला त्यांनी पूर्ण नाव विचारलं. मी अक्षरं एकेक करून सांगितली. आईचं नाव विचारलं. मी सासरचं सांगितलं. त्यांनी वर पाहिलं नाही, लिहून घेतलं.

संमतीचा कागद मी पिशवीतून काढून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, याची गरज नाही.

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. स्तासेने कोटाची बटणं सोडली.

"काही चुकलं का गं माझं?"

"आम्ही अकराच माणसं होतो," मी म्हटलं. "भाऊ नुकताच गेला होता. अकॉर्डियन नव्हतं. कुणी नाचलं नाही."

"नाचलं नाही?" ती रस्त्यातच उभी राहिली. "अगं मग माझा पाय कुणी तुडवला?"

मी हसले असं मला वाटतं. स्तासे म्हणते, मी रडत होते, आणि इतक्या मोठ्याने की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर आला. मला तो माणूस आठवत नाही. दोन्ही लिहून ठेवते.